एका ताऱ्याचा पेशंट

"नाव कळलंच पाहिजे," डॉक्टर तिसऱ्यांदा म्हणाले आणि खुर्चीतल्या आजोबांचा आ तसाच उघडा ठेवून काउंटरवर आले.

एकोणीस महिने त्यांच्या दातांच्या दवाखान्याला पाचपैकी पाच तारे होते. तेरा पेशंटनी दिलेले. समोरच्या दातांच्या डॉक्टरला चार पूर्णांक आठ. रोज सकाळी डॉक्टर आधी ते चार पूर्णांक आठ बघत, मग चहा घेत. मंगळवारी कुणीतरी एकच तारा दिला आणि खाली लिहिलं, 'हात जड, तोंड अखंड चालू.' पाचाचे चार पूर्णांक सात झाले. चहा घशाखाली उतरेना.

"स्क्रीनवर नाव दाखवत नाहीत, सर," काउंटरवरची मुलगी म्हणाली. अपॉइंटमेंटपासून ताऱ्यांपर्यंत सगळं एका ऑनलाइन सेवेत होतं. "पण आतल्या तक्त्यात असणारच. ड्रायव्हर टाकला की आपल्या स्क्रिप्टमधून त्या तक्त्याला थेट विचारता येतं."

"ड्रायव्हर?"

"दुभाषी म्हणा. आपण विचारायचं, त्यानं त्यांच्या भाषेत सांगायचं."

दोन महिन्यांपूर्वी लागलेली ही मुलगी मास्क काढत नसे आणि कामापुरतंच बोले. डॉक्टरांना ते सोयीचं होतं; बोलायचं सगळं त्यांच्याच वाट्याला येई.

जेवणाच्या सुट्टीत तिनं बारा ओळी लिहिल्या. पेशंटसमोर एक्स-रे बघताना करत तसा चेहरा करून डॉक्टरांनी त्या वाचल्या.

"हे २१२ काय आहे?"

"ते लागतं, सर."

"हं. लागणारच."

तिनं बटण दाबलं. खाली एकच नाव उमटलं. गुरुवारी साडेअकराला येणाऱ्या बाईंचं.

"नक्की हीच?"

"मशीन कशाला खोटं बोलेल?"

"येऊ दे," डॉक्टर म्हणाले आणि दोन दिवसांत पहिल्यांदा चहा मागवला.

गुरुवारी बाई आल्या तेव्हा काउंटरवर कुणी नव्हतं. ती मुलगी आत हत्यारं उकळत होती. बाईंचा वरचा, पुढचा दात तडकला होता.

"डॉक्टर, रविवारी मुलाचं लग्न आहे. एवढा सावरून द्या. फोटोत मी पुढेच असणार."

"वा! घरात नवी सून."

"दुसरी. पहिली शिकलेली होती, पण घरातलं काही म्हणजे काही येईना. सहा महिन्यांत मीच तिची बॅग भरून दाराबाहेर ठेवली. मुलगा कामावर गेला होता ना, तेवढ्यात!" बाई तडकलेल्या दातासकट मनापासून हसल्या.

एक्स-रे स्वच्छ होता. वर टोपी बसवली असती तर दात आणखी दहा वर्षं टिकला असता. डॉक्टरांनी तो उजेडात बराच वेळ धरला. खोल सुस्कारा टाकला.

"ताई, मुळापासून गेलाय. काढावा लागेल."

"अहो, पण रविवारी—"

"आ करा."

मग पाऊण तास डॉक्टर बोलत होते. लोकांच्या कृतघ्नपणावर. आड राहून वार करणाऱ्यांवर. हात कशाला जड म्हणतात आणि कशाला नाही, यावर. बाईंना मध्येमध्ये फक्त "आँ" म्हणता येत होतं. शेवटी ट्रेमध्ये दात टण्णकन पडला.

"आता तारे देताना आठवण ठेवा हं," डॉक्टर गोड आवाजात म्हणाले. बाईंना काही कळलं नाही. ते डॉक्टरांना फारच पक्कं सोंग वाटलं.

औषधं लिहायला त्यांनी बाईंचं कार्ड ओढलं. कोपऱ्यात पेशंट नंबर होता, २१२. हा आकडा कुठेतरी पाहिलाय, असं त्यांना वाटलं. आठवेना. त्यांनी सही ठोकली आणि कार्ड काउंटरवर पाठवलं.

अर्ध्या उघड्या दारातून काउंटरवर परतलेली मुलगी दिसत होती. तिनं आज पहिल्यांदाच मास्क काढला होता. तोंडावर रुमाल दाबून काउंटरशी आलेल्या बाईंनी कार्डासाठी हात पुढे केला, वर पाहिलं, आणि तो हात तिथेच राहिला.

ती अदबीनं म्हणाली, "रविवारी फोटोत तोंड मिटून उभ्या राहा हं, सासूबाई."