कोमट पाणी
पॉलिस्टरचं कापड मऊ व्हावं म्हणून कारखान्यात ते कॉस्टिक सोड्याच्या उकळत्या, कातडी जाळणाऱ्या पाण्यात बुडवत. तिथल्या टाकीतून उडालेल्या कॉस्टिकने तीन वर्षांपूर्वी तिच्या नवऱ्याचे दोन्ही डोळे गेले. पोटासाठी ती त्याच टाकीवर कामाला लागली. आज प्रयोगशाळेतल्या बाईंनी टाकीत कॉस्टिकऐवजी नवं एन्झाइम घातलं, उघडा हात कोपरापर्यंत बुडवला आणि हसून म्हणाल्या, “बघा, काही होत नाही. आता हेच कापड मऊ करणार.” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, तिचे हात मात्र उचलेनात. घरी नवऱ्याने विचारलं, “आज गप्प का?” तिने सगळं सांगून टाकलं.  त्याने विचारलं, “पाणी किती गरम होतं?” “कोमट. अंघोळीच्या पाण्याएवढं.” “एवढंच?” तिला हुंदका आवरेना. त्याने चाचपडत तिचा चेहरा शोधला, ओल्या पापण्यांवरून हलकेच अंगठा फिरवला. “रडू नकोस,” तो म्हणाला. “तुझे तरी वाचले.”