तीन मजली केक

"वरचा मजला खरा, खालचे दोन थर्माकोलचे. क्रीम फासलं, की कुणाच्या बापाला कळणार नाही," बेकरीवाला म्हणाला होता. नवरीच्या बापानं पैसे वाचवले. रिसेप्शनला लेकीनं वरचा मजला कापला, टाळ्या पडल्या, पाहुण्यांची आइस्क्रीमवर बोळवण झाली. निघताना तिनं सासरच्यांसमोर फर्मान काढलं, "उरलेला केक बाबांना द्या. त्यांना गोड आवडतं." बापाला तोंड दाबून बुक्क्यांचा मार. केक घरी आला. बायको गेल्यापासून टेबलावर एकच ताट लागायचं. त्यासमोर केक थाटात बसला. मुंग्या आल्या, क्रीम चाटूनपुसून त्याही गेल्या. आठवड्यानं एकदाचा लेकीचा फोन आला. "बाबा, केक संपला का?" "एकटा माणूस किती खाणार? आहे अजून." "मग माझ्यासाठी तुकडा ठेवा. वेळ मिळाला की येते." थर्माकोलवरची धूळ पुसत तो म्हणाला, "सावकाश ये. खराब व्हायचा नाही."