रकाना पहिला: कुटुंबप्रमुख

“येशू ख्रिस्त,” शलमोन भिंगारदिवे ताठ मानेने म्हणाले. कुटुंबप्रमुखाच्या रकान्यात जनगणनेच्या बाईंनी निमूटपणे तेच लिहिलं.

“व्यवसाय?”

“सुतारकाम.”

“घरात माणसं किती?”

“प्रभू, मी आणि ही. तीन.”

“चार,” हातावरचा भुसा झटकत येशू आतल्या खोलीतून बाहेर आला. “सुवार्ता राहिली.”

शलमोनांचा चेहरा उतरला. मनाविरुद्ध लग्न केलं म्हणून दोन वर्षांपूर्वी त्यांनी लेकीला घराचं दार बंद केलं होतं.

“प्रभू, बाहेरच्यांसमोर कशाला? ती आम्हाला मेली.”

“मेली म्हणून काय झालं?” येशू म्हणाला. “मीही मेलोच होतो की.”

बायकोने तोंडाला पदर लावला. ती हसतेय की रडतेय, ते शलमोनांना कळेना.

बाईंनी घड्याळ पाहिलं. “काका, माझी अजून चाळीस घरं उरलीत. प्रमुख सांगतील तेच मी लिहिणार.” त्यांनी चारचा आकडा टाकला. “मुलीचा मोबाइल नंबर?”

तो नंबर शलमोनांनी आपल्या फोनमधून तेव्हाच पुसून टाकला होता. ते भिंतीकडे तोंड करून बसले आणि दहाही आकडे न अडखळता म्हणाले.