बाबूचे काळे केस

“मान हालवू नका जी. कपाळावर ओघळ आला तर उद्या प्लांटमधले हसतीन.”

विजयानं देवरावच्या मानेभोवती जुना टॉवेल गुंडाळला आणि लोखंडी कढईतली मेंदी बोटांवर घेतली. रात्रभर चहाच्या पाण्यात, आवळ्याच्या भुकटीबरोबर भिजून ती काळपट झाली होती. तिनं केस आधी नारिंगी होत. मग ते धुऊन वर निळीच्या पाल्याचा लेप दिला की काळेभोर. सेक्टर सहाच्या क्वार्टरमागच्या अंगणात हा खटाटोप दर महिन्याला चाले.

केस काही उन्हानं पांढरे होत नाहीत, असं लोक म्हणतात. देवरावचे मात्र प्लांटमधल्या, लोखंड वितळवणाऱ्या ब्लास्ट फर्नेसच्या धगीनंच पिकले असावेत, कारण अक्कल तेवढी पिकली नाही, असं विजया म्हणायची. स्वतःसाठी त्यानं कधी आरसाही धड पाहिला नव्हता. हे सगळं चाले ते नंदिनी नगरच्या तुळसाबाईसाठी. तिचा मुलगा, देवरावचा प्लांटमधला सोबती बाबू गेला, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं; त्याच्या जागी देवरावच तिच्याकडे जाई. म्हातारीला मोतीबिंदू झालेला. काळं-पांढरं तेवढं कळायचं. ऑपरेशनचं नाव काढलं की ती नकोच म्हणे.

“तिले एक पांढरा केस दिसला नं, तर संपलं,” देवराव म्हणाला. “हाय खाऊन बसन थे.”

“नाही दिसत. बाबू म्हणून हाक मारते नं तुमाले, मंग बाबूसारखेच दिसान.”

विजया हसत बोलली खरी, पण तिचे डोळे भरून आले. तिनं त्याच्या कानामागचा डाग ओल्या फडक्यानं हळूच पुसला. असा माणूस आपल्या वाट्याला आला, याचं तिला त्या घडीला फार बरं वाटलं.

दुपारी केस वाळल्यावर देवरावनं लॅम्ब्रेटा स्कूटर काढली.

नंदिनी नगरच्या घराचं दार तुळसाबाईच्या मुलीनं, बेबीताईनं उघडलं. “माय, भाऊ आला,” ती जरा मोठ्यानंच म्हणाली.

तुळसाबाई खाटेवर बसली होती. “आला का बाबू? ये. भुकेला असशीन.”

ताटात भाकर आणि जवसाची चटणी आली. घरी देवराव या चटणीकडे ढुंकूनही पाहत नसे. इथे त्यानं ती पुन्हा मागून घेतली. म्हातारी त्याच्या ताटाकडे तोंड करून बसली होती आणि अधूनमधून “अजून घे” म्हणत होती. जेवण झाल्यावर बेबीताई भांडी घेऊन मागच्या नळावर गेली.

“इकडे बस. डोक्याले तेल लावून देतो,” तुळसाबाई म्हणाली.

देवराव उठू लागला. नीळ ताजी होती, तेलाबरोबर हाताला उतरली असती. “राहू दे माय, मले उशीर होऊन राहिला.”

“बस म्हनलं नं.”

तो तिच्या पायाशी बसला. म्हातारीची खरखरीत बोटं केसांतून फिरू लागली. लहानपणी गावी माय लावायची, त्यानंतर त्याला असं तेल कुणी लावलं नव्हतं; गावी मायकडे जाऊनही बरीच वर्षं झाली होती. जीव सुखावला होता आणि धास्तावलाही होता.

थोड्या वेळानं तिनं तळहात डोळ्यांजवळ नेला. मग नाकाशी नेला. मग पदराला पुसला. पदरावर काळा डाग उमटला.

“बेबी नळावरच हाय का?” तिनं विचारलं.

“हो.”

तुळसाबाईनं त्याचं डोकं आपल्या गुडघ्याशी ओढून घेतलं.

“मंग आईक. तिले यातलं काई सांगू नको, थे रडत बसन. माहा बाबू गेला, थे मले त्याच दिवशी समजलं होतं, देवराव. पुढच्या टायमाले इकडे येऊ नको, तुह्या सोताच्या मायले भेटून ये.”