झेंडीचा कोपरा

घर जेमतेम दोन वर्षांचं, आणि विकायला काढलेलं. दुलारीला पहिल्याच घासाला खडा लागला.

बासदेव मात्र गाडीतून उतरतानाच घरावर भाळला होता. त्याचे बूट नव्या लाद्यांवर करकर वाजत वरच्या मजल्यावर फिरत होते. लग्न झाल्यापासून दोघं त्याच्या आईच्या घराखालच्या दोन खोल्यांत राहत होती. वर म्हातारी चालायची, खाली दुलारीच्या डोक्यात ठोके पडायचे. स्वतःच्या डोक्यावर स्वतःचं छप्पर, एवढंच तिला हवं होतं. म्हणूनच भीती वाटत होती. दुपारी दुसरं गिऱ्हाईक येणार होतं. हो की नाही ते आत्ताच सांगायचं होतं.

"असं घर कोण विकतं?" बासदेव खाली आल्यावर ती कुजबुजली. "भिंतींना अजून रंगाचा वास येतोय."

"तुला जगात माझ्याशिवाय सगळ्यांचा संशय येतो," तो हसला. "नळ बघितलेस? पाणी कसलं धो धो येतंय!"

पाण्याचं तिला कौतुक नव्हतं. ती अंगणाच्या पुढच्या कोपऱ्याकडे बघत होती. गल्ली जुनी, बोटीनं आलेल्या आजोबा-पणजोबांनी वसवलेली, चागुआनास गावातल्या कुठल्याही हिंदू गल्लीसारखी. प्रत्येक घराच्या त्या कोपऱ्यात बांबूंना लावलेल्या झेंड्या. लाल, पिवळ्या, विटून पांढऱ्या झालेल्या. पूजा झाली की झेंडी लागते, आणि एकदा लागली की तिला कोणी हात लावत नाही. ऊनवारा काय नेईल ते नेईल. इथं मात्र त्या कोपऱ्यात झेंडूच्या कुंड्या होत्या.

"घरमालकीण ख्रिस्ती झाली असेल," बासदेव म्हणाला.

"मग स्वयंपाकघरात लक्ष्मीचं कॅलेंडर कशाला? आणि कोनाड्यात दिव्याची काजळी कुठून आली?"

कुंपणापलीकडे एक म्हातारी भाजी निवडत बसली होती. केव्हापासून तिच्या हातात तीच जुडी होती. दुलारीनं सरळ विचारलं, "आजी, या घराला काय झालंय?"

"घराला?" म्हातारीनं मान खाली घातली. "घराला काही झालेलं नाही, बेटी."

आता तर दुलारीची खात्रीच पटली. तिनं जाऊन एक कुंडी बाजूला सरकवली. खाली बांबूंचे बुंधे होते, जमिनीलगत कापलेले. एक, दोन, चार... ती मोजायची थांबली. दोन वर्षांत एवढ्या पूजा! असं काय होतं या घरात, जे एका पूजेनं जाईना? एका बुंध्याला मात्र हिरवा कोंब फुटला होता.

"त्या मीच तोडल्या," मागून आवाज आला.

घरमालकीण सुमिंत्रा होती. हातात लिंबाच्या सरबताचा पेला, चेहऱ्यावर काहीच नाही.

"दीदी, झेंडी तोडली? देवाची?"

"कोयत्यानं."

"पण का? काय आहे या घरात? मला इथं संसार करायचाय, खरं सांगा."

सुमिंत्रानं पेला तिच्या हातात दिला. "घर बांधून झालं आणि माझा नवरा खाटेला खिळला. कमरेखाली जीवच नाही. मी दर महिन्याला पूजा घातली. हनुमानाची लाल झेंडी, दुर्गेची पिवळी. पंडितजी म्हणायचे, अजून एक कर बेटी, देव ऐकतो."

"मग?"

"ऐकलं की! उठून बसला. काठी घेऊन चालला. मग काठी टाकली. नवे बूट घेतले. म्हटलं, बिचारा चालायला लागलाय, घेऊ दे." ती हसली, आणि ते हसणं दुलारीला बघवेना. "त्याच बुटांनी फाटकाबाहेर गेला. पलीकडच्या टोबॅगो बेटावर राहतो आता. एकटा नाही."

कुंपणापलीकडची म्हातारी भाजी घेऊन मुकाट्यानं आत गेली.

"इतक्या खोल्या मी कोणासाठी झाडू?" सुमिंत्रा म्हणाली. "घर चांगलं आहे, बहीण. घे."

दुलारीनं कुंडी परत जागेवर ठेवली, पण कोंबावर नाही, जरा बाजूला.

बासदेव फाटकाशी गाडी कुठे लावायची ते पावलांनी मापत होता. "काय मग? सापडलं का काही भूतबीत?"

"नाही. घराला काही झालेलं नाही."

"मग हो म्हणू?"

"म्हण."

तो खुशीत घराकडे वळला. वाळूवरून बुटांची करकर अंगणभर झाली. दुलारी सकाळपासून घराचा कोपरा न् कोपरा बघत होती. आता तिनं पहिल्यांदा त्याच्या पायांकडे बघितलं.

"अहो," तिनं हाक मारली, "हे बूट तुम्ही कधी घेतलेत?"