झोपेची चौकशी

स्कूटरवरून पडून डोक्याला मार लागल्यापासून अठरा दिवस श्रीनिधी धड झोपला नव्हता. डोळे मिटले की छाती धडधडायची आणि मनगटावरचं घड्याळ ठोके इमानदारीनं मोजून त्याला आणखी घाबरवायचं. झोपेशिवाय मेंदू सावरणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आज दुपारी एकदाचा डोळा लागला आणि झरीहून काका-काकू भेटायला आले. पेशंटच्या तोंडून ‘बरा आहे’ ऐकल्याशिवाय भेट धरली जात नाही, म्हणून काकांनी त्याला गदागदा हलवलं. “झोप लागायलीय का रं?” “लागली होती.” “न्हाई लागली तर माणूस दगावतो,” असा धीर देऊन काका त्याच्याच पलंगावर कलंडले आणि घोरू लागले. घड्याळात एकशे वीस ठोके झाले तसा श्रीनिधी कण्हला. काकू दबक्या आवाजात डाफरली, “हळू कण्ह! एकदा उठले की पुन्हा झोप लागत न्हाई त्यांना.”