हातानं शिकलेलं

निळ्या झेंड्याच्या ओट्यावर इंद्रभान येरझारा घालत होता. नागपूरला तो वकिली शिकत होता, आणि सुट्टीत गावी आला तरी कलमं मोठ्यानं म्हटल्याशिवाय त्याचं पाठ होत नसे. शेलूबाजारहून परतणारी माणसं घटकाभर थांबून ऐकत. देवमन कडेला गप्प बसला होता. तोही नागपूरलाच, पण डॉक्टरीला. तुझा अभ्यास कधी कानावर पडत नाही, असं इंद्रभाननं त्याला छेडलं. आमचं तोंडानं पाठ होत नाही, हातानं होतं, देवमन म्हणाला.

तेवढ्यात तांड्यावरची रामीबाई आली. दोन वर्षांपूर्वीच्या दुष्काळात तिचा नवरा, सोमला, काम शोधायला नागपूरला गेला, तो परतलाच नव्हता. नागपूरहून कोणी आलं की ती येई आणि सोमला कुठं दिसला का, एवढंच विचारी. आजही तिनं तेच विचारलं.

इंद्रभाननं तिला बसवून कायदा समजावला. सात वर्षं माणसाची काहीच खबर लागली नाही, तर त्याला मेला धरतात. तोवर तो जिवंत. कलम त्यानं आधी इंग्रजीत म्हटलं, मग सोपं करून. एक शब्द चुकला नाही.

"म्हंजे आजून पाच वर्सं तं हाये तो," रामीबाई म्हणाली आणि हलक्या पावलांनी तांड्याकडे निघाली.

देवमननं दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले होते.

दुष्काळी कामावर तो आणि सोमला एकाच ढिगावर खडी फोडत. एकदा घण सोमलाच्या अंगठ्यावर बसला. देवमननंच बांबूची कामटी लावून तो बांधला होता. हाड वाकडंच जुळलं. आणि यंदा डिसेक्शनच्या हॉलमध्ये त्याच्या टेबलावर एक बेवारस माणूस आला. प्रेतं टिकवायच्या औषधानं तिथले सगळे चेहरे सारखेच झालेले असतात. डोळे मिटा आणि बोटांनी हाडं ओळखा, सरांनी सांगितलं. देवमननं डोळे मिटले. अंगठ्याशी त्याची बोटं थांबली.

तो कोणाला काही बोलला नाही. त्याच हातावर शिकला, पासही झाला. पण तेव्हापासून ताटावर बसला, अंथरुणाला पाठ टेकली, की तो अंगठा त्याच्या मुठीत येई.

देवमन उठला आणि शेतांमधल्या पांदीत त्यानं रामीबाईला गाठलं.

"काकी, पाच वर्सं नोको थांबू."

मग त्यानं सगळं सांगितलं. चिरल्याचंही लपवलं नाही. ती उभ्यानंच ऐकत होती. तोच होता कशावरून, असं तिनं विचारलं, तेव्हा अंगठा मीच बांधला होता, एवढंच त्याला म्हणता आलं. त्याला अग्नी कोणी दिला, असंही तिनं विचारलं.

रामीबाई शेताच्या धुऱ्यावर बसली. त्याच्या हातांकडे पाहत राहिली. मग तिनं आपला हात पुढं केला. कोपराच्या वर पांढऱ्या बांगड्या होत्या, नवरा असेतोवर घालायच्या.

"काढ," ती म्हणाली. "त्याले अखेरचं तूच धरलं. तूच काढ."

बांगड्या कोपरावरून कशाबशा उतरल्या आणि पंज्याशी अडल्या. देवमननं डोळे मिटले. त्याच्या बोटांनी तिच्या अंगठ्याचं मूळ आपसूक शोधलं, हाड हळूच आत वळवलं, आणि कुठं खरचटू न देता एकेक बांगडी निघून आली.

रामीबाईनं दुसरा हात पुढं केला.